ब्योलच्या कादंबरीचं एक तासाचं अभिवाचन : संहिता कशी कापावी, आणि युद्ध आहे तरी कुठे?

चेंदणी_बंदर (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमच्या वाचन गटाचा एक कार्यक्रम ठरतो आहे. जर्मन लेखक हाइनरिश ब्योलची १९५३ ची कादंबरी, 'उंड झाग्टे काइन आइन्त्सिगेस वोर्ट' (शब्दशः 'आणि एक शब्दही बोलला नाही'), हिचं एक तासाचं मराठी अभिवाचन. वाचणारे दोघे, एक पुरुष आणि एक स्त्री. सभागृह साठ-सत्तर खुर्च्यांचं, दोन माइक, नेपथ्य नाही. गटात एकाला जर्मन बऱ्यापैकी येतं, बाकीच्यांनी इंग्रजीतून वाचली आहे.

अडचणी अशा. निमंत्रणात 'युद्धावरून परतलेल्या सैनिकाची आणि त्याच्या कुटुंबाची गोष्ट' असं लिहिलंय, पण कादंबरीत लढाईचं दृश्य म्हणावं असं काही सापडत नाही. सुरुवातीला दहा मिनिटं आघाडीवरचा प्रसंग स्वतः रचून घालावा, असं काहींचं मत आहे. दुसरं, सगळं कथानक गिरणगावातल्या चाळीत आणावं का? एक खोली, चार माणसं, पातळ भिंती, सगळं जुळतं. तिसरं, बायकोने नवऱ्याला 'अहो' म्हणायचं की 'तू'? चौथं, परवानगी. आणि तेरा प्रकरणांतली नक्की कोणती ठेवायची?

शिवाय जुन्या पुस्तकांच्या बाजारात ब्योलची दोन वेगळ्या नावांची इंग्रजी पुस्तकं दिसतात आणि दोन्हींच्या मलपृष्ठावर तीच गोष्ट आहे. हा काय घोळ आहे?

---

पारसिक_बोगदा

घोळ आधी मिटवू. पुस्तक एकच आहे. पहिलं इंग्रजी भाषांतर रिचर्ड ग्रेव्हज यांचं, १९५४ चं, नाव 'अक्वेंटेड विथ द नाइट'. दुसरं लायला व्हेनेविट्झ यांचं, १९७८ चं, 'अँड नेव्हर सेड अ वर्ड'. दोन्ही घेऊन बसू नका. व्हेनेविट्झ यांनी ब्योलची बरीच पुस्तकं इंग्रजीत आणली, त्यामुळे पडताळणीला त्यांचं बरं. पण मराठी संहिता थेट जर्मनवरूनच करा. त्याची कारणं पुढे ओघात येतीलच. जर्मन प्रत ठाण्यात सहज मिळणार नाही. काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनाच्या ग्रंथालयात चौकशी करा, त्यांची ऑनलाइन पुस्तकं देण्याचीही सोय आहे.

आता युद्ध. आघाडीवरचा प्रसंग रचून घालू नका, त्याने कादंबरीचा कणाच मोडेल. कथानक घडतं १९५२ च्या सप्टेंबरअखेरीस, शनिवार दुपार ते सोमवार. म्हणजे युद्ध संपून सात वर्षं झाली आहेत. कादंबरीचा नायक फ्रेड बोग्नर काल गाडीतून उतरलेला नाही, तो कधीचाच परतलाय. चर्चच्या एका कार्यालयात टेलिफोनवर बसतो, पगार घेतो, दारू पितो, यंत्रांवर जुगार खेळतो, अनोळखी माणसांच्या अंत्ययात्रांना जाऊन उभा राहतो. लग्नाला पंधरा वर्षं झालीत. दोन महिन्यांपूर्वी त्याने घर सोडलं, कारण एका खोलीत राहून तो मुलांवर हात उचलायला लागला होता. शरीराने परतलेला माणूस घरापर्यंत पोचत नाही, एवढीच गोष्ट आहे. त्यात रणांगण घातलंत की श्रोता म्हणेल, 'बिचारा, युद्धाने वेडा झाला', आणि सुटेल. ब्योल त्याला तसं सुटू देत नाही. तो बोट दाखवतो खोलीकडे, पगाराकडे, घर नाकारणाऱ्या समितीकडे.

दोन प्रकारच्या परतणाऱ्यांची गल्लत बऱ्याच ठिकाणी होते, म्हणून सांगतो. सोव्हिएत कैदेतले शेवटचे सुमारे दहा हजार जर्मन, पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर १९५५ च्या सप्टेंबरात मॉस्कोला जाऊन आल्यावर सुटले, फ्रीडलांडच्या छावणीतून घरी गेले. त्यांना जर्मनमध्ये 'उशिरा परतलेले' असा वेगळा शब्द आहे. फ्रेड त्यांतला नाही. स्वतः ब्योलही १९४५ च्याच सप्टेंबरात अमेरिकनांच्या कैदेतून सुटला होता. निमंत्रणात फ्रीडलांडच्या स्टेशनावरचे फोटो छापायचा विचार असेल तर सोडा.

रणांगणाहून सरळ दारात आलेलाच माणूस हवा असेल तर वोल्फगांग बोर्शर्टचं 'द्राउसन फोर देर ट्यूर' (शब्दशः 'दाराबाहेर') बघा. मूळ नभोनाट्य, १३ फेब्रुवारी १९४७ ला प्रसारित झालं. रंगभूमीवर आलं २१ नोव्हेंबर १९४७ ला हाम्बुर्गमध्ये, लेखक वारला त्याच्या दुसऱ्या दिवशी. अभिवाचनाला ते केव्हाही सोपं. पण त्यात कुटुंब उरलेलंच नाही, आणि तुम्हाला कुटुंब हवंय.

प्रकरणं. तेरा आहेत. विषम सगळी फ्रेडची, सम सगळी त्याच्या बायकोची, केटेची. म्हणजे सात आणि सहा. दोघांचंही निवेदन 'मी'मधून. तुमच्याकडे दोनच वाचक आहेत, ही अडचण नसून सोय आहे. तिसरा आवाज आणू नका. घरमालकीण फ्रँकेबाईसुद्धा केटेच्याच तोंडून येऊ द्या. तिला स्वतंत्र आवाज दिला की ती नाटकातली खाष्ट सासू होते आणि प्रेक्षक हसतात.

वेळेचं गणित. अभिवाचनात मराठी मिनिटाला साधारण शंभर शब्द नीट ऐकू जातात. एकशेवीसच्या पुढे गेलात तर मागच्या रांगा हरवतात, त्यातून जर्मन नावं. एका तासातली चार मिनिटं शांततेला काढा, राहिली ५६, म्हणजे संहिता ५,६०० शब्दांची. मी अशी वाटणी करेन :

पगाराच्या खिडकीपाशी फ्रेड, पैसे मोजणं, काही स्वतःकडे ठेवून बाकीचे घरी पाठवणं : ८ मिनिटं. केटे, खोली, भिंतीचा गिलावा : १० मिनिटं. फ्रेड, खाण्याची टपरी, तिथली मुलगी आणि तिचा मतिमंद भाऊ : ५ मिनिटं. रेडिओवरचं गाणं आणि मिरवणूक : ७ मिनिटं. हॉटेलातली रात्र : २० मिनिटं. शेवट, रस्त्यावर फ्रेडला केटे दिसते तो : ६ मिनिटं.

हॉटेलला २० मिनिटं जास्त वाटतील, पण तिथे हात आखडू नका. तोवर दोघं आळीपाळीने बोलत असतात पण एकमेकांशी नाही. ती रात्र ही कादंबरीतली पहिली खरी भेट, आणि ती उसन्या पैशांवर घेतलेल्या स्वस्त खोलीत होते. नवरा-बायकोला बोलायला भाड्याची जागा लागते. हा भाग घाईत उरकला तर आधीची तीस मिनिटं वाया. उलट फ्रेड उधारीसाठी ज्यांच्याज्यांच्याकडे फिरतो ते सगळं कापा. वाचायला सुरेख आहे, पण ऐकताना नावांची यादी होते.

कापताना हमखास होणारी चूक म्हणजे प्रत्येकाला समान मिनिटं देण्याचा हट्ट. केटेचा भाग कमी प्रकरणांचा पण जास्त वजनाचा आहे. हॉटेल सोडून बाकीच्या ३६ मिनिटांत तिला निम्म्याच्या जवळपास द्या, हॉटेलात मात्र जास्त बोलू द्या. पोटात असलेलं मूल, युद्धकाळात दगावलेली जुळी मुलं, हे सगळं तिच्या आवाजात आलं पाहिजे.

---

वाशी_खाडीपूल

पारसिक यांच्याशी सहमत, एक भर घालतो. थेट जर्मनवरून करण्याचं मोठं कारण व्याकरणात आहे. जर्मनमध्ये 'मी गेलो' आणि 'मी गेले' एकच. प्रकरण सुरू होतं तेव्हा बोलणारा पुरुष की बाई, हे क्रियापद सांगत नाही. वाचकाला ते आशयावरून कळतं. इंग्रजीतही तसंच. मराठीत पहिल्याच क्रियापदाला उलगडा होतो, म्हणजे आपल्याला ते आयतं मिळतं.

पण त्यात एक खाच आहे. 'मी पैसे मोजले', 'मी दार लावलं' या वाक्यांत बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही, क्रियापद कर्माच्या मागे जातं. म्हणून प्रत्येक भागाचं पहिलं वाक्य 'गेलो', 'उभी राहिले', 'थांबलो', 'बसले' अशा क्रियापदाचं ठेवा. कादंबरीची सुरुवात नशिबाने तशीच आहे : काम सुटल्यावर तो पगार घ्यायला खिडकीपाशी जातो. 'गेलो' आलं की झालं. पुढच्या प्रकरणांत मात्र वाक्यांचा क्रम थोडा हलवावा लागेल. दोन माइक आहेत म्हणून हे गौण वाटेल, पण मागे बसलेल्याला आवाज एकाच स्पीकरमधून येतो आणि दिवे मंद असतात.

'अहो' की 'तू'? माझं मत ठामपणे 'तू', दोन्हीकडून. जर्मनमध्ये दोघं एकमेकांना 'डू' म्हणतात. १९५२ च्या मराठी घरात बायको 'अहो' म्हणाली असती हे खरं, पण केटे 'अहो' म्हणाली की तिचं सगळं बोलणं विनवणीच्या सुरात जातं. ती विनवणी करत नाही. हॉटेलात ती हिशेब मांडते आणि त्याला सोडण्यापर्यंत येते. 'अहो, मी आता येणार नाही' हे मराठीत रुसव्याचं वाक्य आहे. 'मी आता येणार नाही, फ्रेड' हा निर्णय आहे. नाव घेऊन बोलू द्या.

फ्रँकेबाईशी मात्र 'तुम्ही'. आणि 'बाई'च ठेवा. 'काकू' म्हटलंत की माया आली, 'मॅडम' म्हटलंत की ऑफिस आलं. वरिष्ठ पाद्री सेर्गे याला फ्रेडने 'फादर' म्हणावं. आपल्याकडे तो शब्द सगळ्यांना कळतो.

नावांचे उच्चार तालमीच्या पहिल्या दिवशी पक्के करा आणि संहितेत तसेच छापा. लेखक 'बोल' नव्हे, 'ब्योल'. बाई 'केट' नव्हे, शेवटी हलका 'अ' किंवा 'ए' येतो, 'केटे' चालेल. मुलांची नावं क्लेमेन्स, कार्ला, धाकटा फ्रान्त्स. 'फ्रान्त्स' आणि 'फ्रँके' एकाच वाक्यात आले तर वाचणारा अडखळतो, तिथे 'बाळ' म्हणा.

---

नौपाडा_तिसरा_मजला

मी उलट बाजू मांडतो. चाळीत आणायला काय हरकत आहे? ठाण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला एका खोलीतला संसार समजवावा लागत नाही. कोलोन शहराचं गृहनिर्माण कार्यालय, पॅरिशची (स्थानिक चर्चच्या हद्दीची) समिती, बिशप, हे सगळं समजवण्यात तुमची पंधरा मिनिटं जाणार. साहित्य संघात पीएच.डी.चा निबंध वाचायचा नाहीये ना? दहा बाय बारा म्हटलं की सगळे जागेवर.

---

वाशी_खाडीपूल

@नौपाडा, खोलीचं माप जुळतं, माणसं जुळत नाहीत. तिथेच सगळं फसतं.

चाळीत भिंतीपलीकडचा शेजारीही एका खोलीतच असतो. त्याचं भांडण तुम्हाला ऐकू येतं, तुमचं त्याला. हिशेब बरोबरीचा. गॅलरी सामाईक, नळ सामाईक, कोणाच्या घरी काय शिजतं ते सामाईक. बोग्नर कुटुंब राहतं ते फ्रँकेबाईंच्या फ्लॅटमधल्या एका खोलीत. बॉम्बहल्ल्यांत कोलोनच्या मध्यभागाचा सुमारे ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाला होता आणि त्या काळात उरलेल्या घरांमधल्या खोल्या सरकारी कार्यालय वाटून द्यायचं. म्हणजे मालकीण दाराआड, तिच्याकडे जागा जास्त, आणि ती रोज चर्चला जाणारी, पॅरिशमध्ये वजन असलेली. या कुटुंबाला दुसरं घर मिळू नये यात तिचा हात आहे, तोही धार्मिकतेच्या नावाने. शेजाऱ्यांचा त्रास हा विषयच नाही. वरच्या पायरीवरचा माणूस शेजारच्याच खोलीत राहतो आणि तुमच्या सद्वर्तनाचा दाखला त्याच्या हातात असतो, हा विषय आहे. मुलांना त्या घरात आवाज न करता खेळायला शिकवलेलं आहे. चाळीत न ओरडणारी मुलं दाखवलीत तर प्रेक्षक विचारेल, आजारी आहेत का?

दुसऱ्या बाजूला होप्फ नावाचं जोडपं. पातळ भिंतीतून त्यांच्या प्रणयाचे आवाज येतात आणि मुलं ते ऐकतात. याला चाळीचा रंग दिलात की तो विनोद होतो. मराठी विनोदाने ती जागा आधीच घेऊन ठेवलेली आहे.

(शहराचं नाव कादंबरीत नाही, हे खरं. वाचणारे ते कोलोन धरतात. संहितेतही 'शहर' एवढंच ठेवलं तर उत्तम.)

---

पारसिक_बोगदा

गिलाव्याचं एक राहिलं. केटेच्या प्रकरणात ती घर पुसते तो भाग पूर्ण ठेवा, त्याचा सारांश करू नका. कपाट हलवलं की मागचा गिलावा पडतो, चुन्याची पूड पसरते, पाण्याची बादली गढूळ, पुन्हा बादली, पुन्हा पूड. यात कथानक काहीच पुढे जात नाही, म्हणून संपादन करणारा पहिली कात्री इथेच लावतो. पण ब्योल युद्धाबद्दल जे सांगतो ते बरंचसं या बादलीत आहे. बॉम्बने हललेली भिंत सात वर्षांनी अजून झडते आहे, आणि ती झडते ती त्या बाईच्या फडक्यावर. आघाडीवरच्या प्रसंगासाठी दहा मिनिटं काढणार होतात ना, ती इथे द्या.

वाचताना सूर वर नेऊ नका. ती तक्रार करत नाही, काम सांगते आहे. बादल्या मोजत वाचा.

---

मिस्सा_आणि_मिसळ

धार्मिक शब्दांबद्दल कोणी बोललं नाही. ही कादंबरी कॅथलिक माणसाने कॅथलिक चर्चवर रागावून लिहिली आहे, आणि रागावलेल्यानेच घरचे शब्द अचूक वापरायचे असतात. संस्कृताळलेले शब्द शोधत बसू नका. वसईचे मराठी कॅथलिक रोज वापरतात ते शब्द आहेतच : मिस्सा (चर्चमधला मुख्य उपासनाविधी), पापनिवेदन, जपमाळ, बिशप, फादर. 'प्रार्थनासभा' हा मिस्साला पर्याय नव्हे. 'पूजा' तर नकोच. संहिता तयार झाली की वसईकडच्या एखाद्या जाणकाराला दाखवा, अर्ध्या तासात चुका निघतील.

केटे ज्या साध्या पाद्र्यापुढे पापनिवेदन करते तो आणि मिरवणुकीतला बिशप, हा विरोध जपा. बिशप इटालियन महाकवी दान्तेचा अभ्यासक आहे, हा चिमटा कापताना गळू नये. त्याच पापनिवेदनात केटे मोठ्या घरांत राहणाऱ्या, त्वचेच्या क्रीमच्या जाहिरातीसारखे चेहरे असलेल्या पाद्र्यांचा राग येतो असं म्हणते. सभागृहात हशा येईल. येऊ द्या, पण वाचणारीने हसायचं नाही.

त्याच शहरात त्याच दिवसांत ड्रॉगिस्टांचं अधिवेशन भरलेलं असतं. 'आपल्या ड्रॉगिस्टवर भरवसा ठेवा' अशा अर्थाच्या घोषणा जागोजाग. इथे भाषांतर हमखास घसरतं. 'औषधविक्रेता' किंवा 'केमिस्ट' लिहू नका. जर्मनीत औषधं देणारं दुकान वेगळं आणि ड्रॉगिस्टचं वेगळं : साबण, टूथपेस्ट, पावडर, स्वच्छतेच्या वस्तू. आपल्या 'जनरल स्टोअर्स अँड कटलरी'च्या जवळचं प्रकरण. केमिस्ट म्हटलंत की आजाराचा अर्थ येतो. लेखकाला अभिप्रेत आहे ती चकाकी. ज्या शहरात केटे चुन्याची पूड पुसते आहे, त्याच शहरात स्वच्छतेचा उत्सव चाललाय आणि रस्त्यावरून मिरवणूकही जाते आहे. 'ड्रॉगिस्ट' असाच ठेवा आणि पहिल्यांदा येतो तिथे वाक्यातच 'साबण-पावडरवाले' म्हणा.

पैसे. मार्कचे (तेव्हाच्या जर्मन चलनाचे) आजचे रुपये करू नका, आकडे हास्यास्पद होतात. पण एक गंमत उपयोगी पडेल. १९५२ मध्ये एका डॉलरला ४ मार्क २० फेनिश पडत आणि आपले ४ रुपये ७६ पैसे (तेव्हाच्या भाषेत पावणेपाच रुपये आणि वर काही पै). म्हणजे एक मार्क हा साधारण एक रुपया दोन आणे. तेव्हा प्रास्ताविकात एवढंच सांगा की त्या वेळचा मार्क जवळजवळ त्या वेळच्या रुपयाएवढा होता. साठीच्या पुढचा श्रोता लगेच सगळा हिशेब लावतो. २० जून १९४८ च्या चलनबदलात माणशी ४० नवे मार्क हातात मिळाले होते, हेही एका वाक्यात आलं तर फ्रेडचं मोजून मोजून खर्च करणं कळतं. दुकानं भरली, पण सगळ्यांचे खिसे नाही.

---

कलम_बावन्न

परवानगीचं थोडक्यात. ब्योल १६ जुलै १९८५ रोजी वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजून. म्हणजे २०४५ अखेरपर्यंत हक्क आहेत. जर्मनीत ७० वर्षं, तिथे २०५५ अखेर. 'जुनं पुस्तक आहे, चालतंय' हे इथे चालत नाही.

आपल्या कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीर वाचायला, तसंच हौशी मंडळाने पैसे न देणाऱ्या श्रोत्यांपुढे सादर करायला सूट आहे. पण भाषांतर करणं हा स्वतंत्र हक्क आहे आणि ५,६०० शब्दांना कोणी 'उतारा' म्हणणार नाही. तेव्हा मूळ प्रकाशकाला, कोलोनच्या कीपनहॉयर उंड विचच्या परदेशी हक्क विभागाला, तीन महिने आधी मेल करा. मेलमध्ये लिहायचं : भाषा, शब्दसंख्या, एकच प्रयोग की अधिक, खुर्च्या किती, तिकीट आहे की नाही, ध्वनिमुद्रण होणार की नाही. शेवटच्या मुद्द्यावर सगळे अडकतात. सभागृहाची परवानगी मिळाली म्हणजे यूट्यूबवर टाकायची मिळाली असं नाही, ती वेगळी मागा किंवा मुद्रण करूच नका.

इंग्रजीवरून भाषांतर केलंत तर इंग्रजी भाषांतराचेही हक्क मध्ये येतात. थेट जर्मनवरून करण्याचं आणखी एक कारण.

तिकीट लावून वाशीच्या विष्णुदास भावे किंवा ठाण्याच्या गडकरीसारख्या नाट्यगृहात नेणार असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल का, ते नाट्यगृहाच्या कार्यालयात तारीख घेतानाच विचारा. आदल्या आठवड्यात नव्हे.

---

चेंदणी_बंदर

सगळ्यांचे मनापासून आभार. आघाडीचा प्रसंग आणि चाळ, दोन्ही बाद. 'तू' नक्की. प्रकाशकाला मेल जातो आहे.

दोन शंका उरल्यात. रेडिओवरच्या गाण्याच्या जागी काय करायचं? मूळ गाणं वाजवावं असा एक प्रस्ताव आहे. आणि या पुस्तकासोबत गटाने ब्योलचं आणखी काय वाचावं?

---

पारसिक_बोगदा

गाणं आधी. कादंबरीचं नावच त्यातून आलं आहे. केटे रेडिओवर एका कृष्णवर्णीय गायकाचा आवाज ऐकते, क्रूसावर खिळलेल्या ख्रिस्ताचं वर्णन, 'आणि तो एक शब्दही बोलला नाही'. हे अमेरिकेतल्या गुलामांच्या परंपरेतलं भक्तिगीत. त्यामागे जुन्या करारातल्या यशयाच्या ५३ व्या अध्यायातलं, तोंड न उघडणारं कोकरू आहे. गीत पारंपरिक, पण प्रत्येक ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे. मुद्रण वाजवलंत तर त्याचीही परवानगी लागेल. त्याहून महत्त्वाचं, मोठा आवाज वाजला की केटेचं ऐकणं संपतं आणि प्रेक्षकांचं सुरू होतं. तिने ओळ मराठीत म्हणावी, न गाता, आणि मग तुमच्या चार मिनिटांतली वीस सेकंदं शांतता. पंखे बंद करता आले तर करा. नाही तर निदान वेग कमी करा. साठ-सत्तर खुर्च्यांच्या सभागृहात पंख्याचा घरघराट शांततेत फार मोठा होतो.

ओळ म्हणताना 'त्याने चकार शब्द काढला नाही' असं करू नका. 'चकार'मध्ये भांडणाचा वास आहे. 'एक शब्दही बोलला नाही' पुरे.

जोडवाचन. 'हाउस ओने ह्यूटर' (शब्दशः 'राखणदार नसलेलं घर', १९५४) घ्या. तिथे सैनिक परतलेलेच नाहीत. दोन मुलं, दोघांचे बाप युद्धात मेलेले, आणि घरात येणारे-जाणारे 'काका'. त्या काळी युद्धविधवेने पुन्हा लग्न केलं की तिचं पेन्शन बंद व्हायचं, म्हणून लग्न न करता एकत्र राहणं सर्रास होतं. जर्मनमध्ये त्याला 'काका-विवाह' असाच शब्द पडला. फ्रेड-केटेची गोष्ट वाचल्यावर ती वाचली की आरशाची दुसरी बाजू दिसते.

'देर एंगल श्वीग' (शब्दशः 'देवदूत गप्प राहिला') हीही कादंबरी घ्या, पण क्रम लक्षात ठेवून. ती छापली गेली १९९२ मध्ये, लेखक गेल्यावर सात वर्षांनी. त्यामुळे तिला शेवटची समजून म्हातारपणाच्या खुणा शोधल्या जातात. प्रत्यक्षात ती चाळिशीच्या दशकाच्या शेवटाला आणि पन्नासच्या आसपास लिहिली गेली, तेव्हाच्या प्रकाशकाने छापली नाही. युद्ध संपताना ढिगाऱ्यांत परतलेला सैनिक तिथे आहे. तुमच्या निमंत्रणातलं वाक्य खरं तर त्या पुस्तकाचं आहे. आणि १९५२ चा छोटा निबंध, ढिगाऱ्यांच्या साहित्याची कबुली देणारा, तो सगळ्यांनी आधी वाचा. टीकाकार या पिढीला युद्धाचे, परतणाऱ्यांचे आणि ढिगाऱ्यांचे लेखक म्हणून हिणवत होते, ब्योलने तिन्ही विशेषणं स्वीकारली.

---

नौपाडा_तिसरा_मजला

चाळीचा हट्ट सोडला. फ्रँकेबाईचा मुद्दा पटला.

एकच विचारतो. शेवटचा शब्द. फ्रेड रस्त्यावर केटेला बघतो, आधी ओळखतच नाही, मग तिच्या मागे मागे जातो, आणि शेवटी 'नाख हाउझ'. गटातल्या मसुद्यात 'घरी' आहे असं कळलं. मला 'घराकडे' बरोबर वाटतं, कारण जर्मनमध्ये 'घरी असणं' आणि 'घरी जाणं' याला वेगळे शब्दप्रयोग आहेत आणि इथे दुसरा आहे. इंग्रजीत तो भेद बुजतो.

---

वाशी_खाडीपूल

व्याकरणाने तुमचं बरोबर. 'नाख हाउझ' म्हणजे घराच्या दिशेने, 'त्सु हाउझ' म्हणजे घरी असलेला. पण 'घराकडे' मराठीत जरा वाटेतच थांबतं. 'घराकडे निघालो' म्हणणारा पोचेलच असं नाही, आणि एकटा शब्द म्हणून ते कोणी बोलत नाही. सुटीच्या वेळी 'कुठे?' विचारलं तर माणूस 'घरी' म्हणतो. मराठी 'घरी'त जाणं आणि असणं दोन्ही मावतं. तो परत जातो की नुसतं म्हणतो, हा वाद जर्मन वाचकांतही आहेच, आणि 'घरी' तो वाद मिटवत नाही.

मात्र एकच शब्द आहे, तेव्हा वाचणाऱ्याने त्याच्या आधीच्या वाक्यावर श्वास घेऊ नये. शनिवारपासून तो दर प्रश्नाला थांबून उत्तर देतोय, इथे थांबत नाही. आणि दिवे त्या शब्दावर घालवू नका, सहा-सात सेकंद तसेच राहू द्या. नाही तर टाळी शब्दावर पडते.

---

चेंदणी_बंदर

'घरी' ठेवतो. दिव्यांचं सभागृहाच्या माणसाला लिहून देतो, कारण तिथे बटणं मागच्या भिंतीवर आहेत आणि तो शेवटच्या पाच मिनिटांत चहा बघायला जातो.